तीन आकड्यांचा स्वर: घरगुती संगणक, मिडी आणि आपली पेटी

१/
१४४, ६०, १००.
हे तीन आकडे १९८४ साली एखाद्या घरगुती संगणकातून केबलवाटे बाहेर पडले, की शेजारच्या सिंथेसायझरवर एक स्वर वाजू लागे. पट्टीला कोणाचा हातही लागलेला नसे. आज चाळीस वर्षांनंतर हेच तीन आकडे आपल्या संगणकाला जोडलेल्या कीबोर्डकडे पाठवा. तोच स्वर वाजेल. संगणकाच्या इतिहासात एवढे दीर्घायुष्य फार थोड्या गोष्टींना लाभले आहे. ते कसे लाभले आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हा आजच्या थ्रेडचा विषय. 🧵

२/
या तीन आकड्यांमागच्या व्यवस्थेचे नाव मिडी. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, मिडीने संगीत घराघरांत नेले. दुसरे म्हणते, मिडीने संगीताला बारा पट्ट्यांच्या चौकटीत कोंडले. माझ्या मते दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोहोंचे कारण एकच आहे: ही व्यवस्था अतिशय स्वस्त असावी, असे तिच्या कर्त्यांनी ठरवले होते. हे नीट समजून घ्यायचे, तर त्या काळच्या संगणकावर प्रोग्राम कसा लिहिला जाई, हे पाहावे लागते.

३/
आधी पूर्वस्थिती. १९७० च्या दशकातील सिंथेसायझर एकमेकांना जोडले जात ते विद्युतदाबाने. मूग आणि रोलँड यांच्या यंत्रांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जाई. कॉर्ग आणि यामाहा यांच्या अनेक यंत्रांचे गणित वेगळे होते. तिथे दाब दुप्पट केल्यावर सप्तक चढे. परिणामी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सरळ बोलू शकत नसे. वादकाने एकदा घराणे निवडले की पुढची खरेदी त्याच घराण्यात.

४/
याचे मुंबईतील उदाहरण प्रसिद्ध आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. ज्युपिटर ८, टीआर ८०८ आणि टीबी ३०३ ही तिची तीन मुख्य यंत्रे, तिन्ही रोलँडची. ८०८ आणि ३०३ यांच्या पाठीवर पाच पिनांचे एक गोल सॉकेट असे. त्यातून जाई फक्त लयीचा ठोका आणि 'सुरू-थांब' एवढा निरोप. कोणता स्वर वाजवायचा, हे त्या तारेला सांगता येत नसे.

५/
१९८१ मध्ये सिक्वेन्शिअल सर्किट्स या अमेरिकी कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी सहकारी चेट वुड यांच्यासह ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत एक प्रस्ताव मांडला: सर्व कंपन्यांच्या वाद्यांना समजेल अशी एक समान आकडेभाषा असावी. जपानमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी हाच विचार करीत होते. पुढच्या वाटाघाटींत सिक्वेन्शिअलबरोबर रोलँड, यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्या टिकून राहिल्या.

६/
जानेवारी १९८३. कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या 'नॅम' प्रदर्शनात सिक्वेन्शिअलचा प्रॉफेट ६०० आणि रोलँडचा ज्युपिटर ६ एका केबलने जोडण्यात आले. एकावर वाजवले ते दुसऱ्यावर उमटले. बाजारातील प्रतिस्पर्धी एका तारेवर आले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये मिडी १.० चे अधिकृत विवरण प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी परवानाशुल्क ठेवले नव्हते. पुढे २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी यांना या कार्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

७/
आता स्वस्ताईकडे या. जोडणीसाठी निवडला पाच पिनांचा डिन प्लग. तो घरगुती ध्वनियंत्रांत आधीपासूनच रूढ होता. त्या पाचांपैकी तीनच पिना वापरात. वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट, कारण १० लाखांना ३२ ने भागले की हा आकडा येतो आणि साध्या घड्याळ-स्फटिकातून तो सहज मिळवता येतो. दोन यंत्रांतला निरोप प्रकाशाच्या एका लहानशा झडपेतून जाई, म्हणजे एकाच्या वीजपुरवठ्याची गुणगुण दुसऱ्याच्या आवाजात शिरत नसे.

८/
भाषेची घडणही तशीच काटकसरी. एका बाइटमध्ये ० ते २५५ आकडे मावतात. त्यातले १२८ पासून पुढचे 'आज्ञे'साठी आणि ० ते १२७ 'माहिती'साठी. १४४ म्हणजे 'पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू कर'. ६० म्हणजे मधला 'सी'. १०० म्हणजे पट्टी किती जोराने दाबली. १४४ ते १५९ या सोळा आकड्यांत सोळा चॅनेल. आज्ञा आणि माहिती आकड्यावरूनच वेगळी ओळखू येते. त्यामुळे मध्येच केबल जोडली तरी यंत्र गोंधळत नाही, पुढच्या आज्ञेची वाट पाहते.

९/
नेमक्या याच काळात युरोप-अमेरिकेत घरगुती संगणकांची लाट आली होती. १९८२ मध्ये बाजारात आलेला कमोडोर ६४ हा त्यांचा मुकुटमणी. ६४ किलोबाइट स्मृती, सेकंदाला सुमारे १० लाख चक्रे चालणारा प्रोसेसर, आरंभीची किंमत ५९५ डॉलर. पुढे ती झपाट्याने उतरली. बॉब यॅनेस यांनी रचलेली 'सिड' ही ध्वनिचिप त्यात होती. हेच यॅनेस पुढे एन्सोनिक या सिंथेसायझर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

१०/
या संगणकात एक विरोधाभास होता. ध्वनिचिप अप्रतिम, पण त्याच्या बेसिक भाषेत आवाजासाठी एकही आज्ञा नव्हती. स्वर हवा असेल तर 'पोक' ही आज्ञा वापरून ५४२७२ पासूनच्या स्मृतिपत्त्यांवर एकेक आकडा हाताने ठेवावा लागे. ही उणीवच वापरणाऱ्यांची शाळा ठरली. स्वर म्हणजे योग्य जागी ठेवलेला आकडा, ही कल्पना हजारो मुलांच्या बोटांत मिडी येण्यापूर्वीच मुरली होती.

११/
मिडीसाठी संगणकाच्या मागच्या खाचेत एक कार्ट्रिज बसवीत. आत मोटोरोलाची ६८५० ही साधी चिप: एका बाजूने आठ बिट घ्यायचे, दुसऱ्या बाजूने ते एकामागोमाग तारेवर सोडायचे. प्रोग्राम असा: चिपला ३ हा आकडा देऊन शुद्धीवर आणायचे, वेग आणि बाइटची ठेवण सांगायची, मग 'जागा रिकामी आहे का' हे विचारून १४४ ठेवायचा, पुन्हा विचारून ६०, पुन्हा विचारून १००. थोडे थांबून १२८, ६०, ०, स्वर बंद. सारा मामला दहा-बारा ओळींचा.

१२/
आणि इथेच खरी कसरत सुरू होई. तारेवरून एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात. तीन बाइटांच्या स्वराला ९६० मायक्रोसेकंद, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या किंचित आत. पण बेसिकची एक 'पोक' आज्ञा वाचून, समजून, पार पाडायला कमोडोरला काही हजार चक्रे लागत. केबल मोकळी बसून संगणकाची वाट पाही. चार स्वर एकदम वाजवायचे म्हटले, तर ते झाडूच्या काड्यांसारखे विस्कटून कानी येत.

१३/
उपाय एकच: यंत्रभाषा. ३२० मायक्रोसेकंदांत त्या प्रोसेसरला सुमारे ३२० चक्रे मिळतात. एका सूचनेला दोन ते सात चक्रे, म्हणजे दोन बाइटांच्या दरम्यान जेमतेम शंभर सूचना. तेवढ्यात आलेला बाइट उचलायचा, वेळेची नोंद करायची, स्मृतीत ठेवायचा आणि पुढच्यासाठी तयार राहायचे. उशीर झाला तर नवा बाइट हरवलाच. त्यात पडद्याचे चित्र काढणारी चिप मधूनमधून चाळीसेक चक्रे हिसकावून घेई.

१४/
मिडीच्या कर्त्यांनी काटकसरीला आणखी एक वाट ठेवली होती. आज्ञा तीच असेल तर ती पुन्हा पाठवायची गरज नाही. एकदा १४४ म्हटले की पुढे नुसत्या स्वर-जोराच्या जोड्या. शिवाय शून्य जोराने 'सुरू' झालेला स्वर म्हणजे 'बंद' स्वर. त्यामुळे बंद करण्यासाठी वेगळी आज्ञाही लागत नाही. तीन बाइटांचे काम दोनांत, ९६० मायक्रोसेकंदांचे ६४० मध्ये. मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी सामान हलके करणाऱ्या वाटसरूची ही युक्ती.

१५/
स्मृतीचे गणित तर अधिक बोलके. कमोडोर सुरू केल्यावर पडद्यावर लिहून येई: बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे. त्याच सुमारास बाजारात आलेल्या सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे तेवढ्या जागेत पाव सेकंदही मावला नसता. पण मिडीची एक घटना वेळेच्या नोंदीसह चार बाइटांत बसवली, आणि स्वर 'सुरू' व 'बंद' अशा दोन घटना धरल्या, तर तिथेच सुमारे ४,८०० स्वर मावतात. प्रोग्रामला जागा सोडूनही तीन-चार हजार उरतातच.

१६/
या आकड्यांचा अर्थ मोठा आहे. ध्वनिफितीत साठतो तो आवाज. इथे साठत होती वादकाची कृती: कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने. एक चुकलेला स्वर बाकीच्यांना धक्का न लावता सुधारता येई, लय बदलली तरी सूर बदलत नसे, तीच सुरावट दुसऱ्या वाद्यावर वाजवता येई. हे सारे स्वस्तात झाले, कारण आवाज निर्माण करण्याचा भार वाद्यावर होता आणि संगणकाकडे नुसती वही सांभाळण्याचे काम होते.

१७/
ही वही लिहिणारे कोण होते? हॅम्बर्गमध्ये कार्ल स्टाइनबर्ग आणि कीबोर्डवादक मान्फ्रेड र्यूरुप यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली; तिची पहिली निर्मिती कमोडोर ६४ साठीचा मिडी सिक्वेन्सर. जर्मनीतच सी-लॅबचे गेरहार्ड लेंगेलिंग कमोडोरवर प्रोग्राम लिहीत होते. पहिल्या घराण्यातून १९८९ मध्ये क्यूबेस जन्माला आले. दुसऱ्यातून पुढे लॉजिक, जे २००२ मध्ये ॲपलने विकत घेतले. आजच्या ध्वनिमुद्रण-कक्षांतील या दोन बड्या प्रणालींची मुळे खेळांसाठी घेतल्या जाणाऱ्या संगणकांत आहेत.

१८/
संगणक-उत्पादकांनाही वारे कळले. १९८५ च्या अटारी एसटी मध्ये मिडीची सॉकेटे यंत्रातच बसवलेली होती. आत तीच ६८५० चिप, पण प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा. ब्रिटनमध्ये १९८६ ला आलेल्या स्पेक्ट्रम १२८ च्या बेसिकमध्ये 'प्ले' ही आज्ञा होती. अक्षरांत सुरावट लिहावी आणि ती मिडीवाटे बाहेरच्या वाद्यावर वाजवावी. इरेजरचे व्हिन्स क्लार्क तर बीबीसी मायक्रो आणि त्याला जोडलेला 'यूएमआय' सिक्वेन्सर यांच्या साहाय्याने आपले सिंथेसायझर चालवीत.

१९/
इथवर मिडीची बाजू झाली. आता दुसरी. वरच्या साऱ्या वर्णनात 'स्वर' म्हणजे काय, हे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे: पट्टी दाबली की सुरू, सोडली की बंद. ही व्याख्या पियानोची आहे. 'बंद'चा निरोप वाटेत हरवला तर स्वर वाजतच राहतो, आणि मग १७६, १२३, ० असा 'सर्व स्वर बंद' आदेश द्यावा लागतो. गाणाऱ्याचा श्वास संपतो, सतारीची तार विझते. या व्याख्येतला स्वर मात्र कोणी सांगेपर्यंत थांबत नाही.

२०/
मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. हीच तक्रार आपण पेटीबद्दल ऐकली आहे: बारा ठरलेले स्वर, मींड नाही, श्रुती नाही. याच कारणांनी १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. ती अंशतः उठायला १९७१ उजाडले. आक्षेप ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण त्याच तीस वर्षांत पेटी कीर्तनात होती, भजनात होती, शाळेत होती. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला आधीच रंगभूमीवर मानाचे पान मिळवून दिले होते. स्वस्त, टिकाऊ, उचलून नेण्याजोगी आणि लवकर साधणारी: तिच्या प्रसाराचे कारण आणि तिच्या मर्यादेचे कारण एकाच लाकडी खोक्यात होते.

२१/
मग मिडीला खरोखर श्रुती जमत नाही का? आकडे तपासू. 'पिच बेंड' ही आज्ञा चौदा बिटांची. मधला आकडा ८१९२. बहुतेक यंत्रांत तिचा पल्ला दोन अर्धस्वर वर, दोन खाली. एका अर्धस्वराचे शंभर भाग, म्हणजे सेंट, मानले तर एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी बारीक. षड्जाशी ५:४ नाते असलेला गंधार पट्टीच्या गंधाराहून सुमारे १४ सेंट खाली असतो; म्हणजे ८१९२ मधून सुमारे ५६० वजा करा. काही जुनी यंत्रे चौदापैकी वरचे सातच बिट वापरत. तरी त्यांची पायरी सुमारे ३ सेंटची होते. सूक्ष्मतेचा अभाव नव्हता.

२२/
मींडही जमे. अर्ध्या सेकंदाच्या मींडेसाठी पन्नास पायऱ्या पाठवल्या तर १५० बाइट, म्हणजे तारेची ४८ मिलिसेकंदे. साध्या 'फॉर-नेक्स्ट' आवर्तनात हे लिहिता येते. अडचण वेगळीच आहे: पिच बेंड चॅनेलमधल्या सर्व स्वरांना एकदम ओढतो. षड्ज स्थिर ठेवून गंधार हलवायचा तर त्यांना वेगळे चॅनेल हवेत. गिटार सिंथेसायझर हीच युक्ती वापरीत: दर तारेला स्वतंत्र चॅनेल. २०१८ मध्ये 'एमपीई' या नावाने या युक्तीला अधिकृत मानकाचे रूप मिळाले.

२३/
तेव्हा माझे मत असे. मिडीने आपले स्वर बंद केले नाहीत; तिने त्यांना अपवादाच्या रांगेत उभे केले. पट्टीचा स्वर तीन बाइटांत फुकट मिळतो. मींडेसाठी प्रोग्राम लिहावा लागतो. आणि जे फुकट मिळते तेच बहुतेक जण वापरतात. जगभरच्या संगीतात गेल्या चाळीस वर्षांत जो एक सरळ, पायऱ्यापायऱ्यांचा सूर वाढला, त्यामागे यंत्राची असमर्थता थोडी आहे आणि त्याच्या सोयीची ओढ फार आहे.

२४/
'मग तेव्हाच अधिक समृद्ध मानक का केले नाही?' हा प्रश्न रास्त आहे. पण कल्पना करा: दर स्वराला त्याच्या वळणासह दहा-बारा बाइट, अधिक वेगवान तार, महाग चिप. तसे मानक मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांना पेलले असते. दहा लाख चक्रांच्या कमोडोरला, शंभर सूचनांच्या फटीत, ते पेलले नसते. आणि तो कमोडोर वजा केला, तर हॅम्बर्गचे ते दोन संगीतकार, दहा ओळी लिहिणारी ती मुले आणि मींडेचे आवर्तन लिहू शकणारा तो हौशी, सारेच वजा होतात. अरुंद पण सर्वांना खुले दार मी पसंत करतो. मात्र ते अरुंद आहे, हे विसरता कामा नये.

२५/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. जुन्या संगणकांचा इतिहास बहुधा किमती, विक्री आणि खेळांच्या नावांत संपतो. हे म्हणजे मोडी लिपीतील कागद काचेआड ठेवून त्याची लांबी-रुंदी सांगण्यासारखे झाले. हा दस्तऐवज अजून वाचता येतो. कमोडोरची हुबेहूब नक्कल करणारा 'व्हाइस' हा प्रोग्राम मोफत आहे आणि त्यात मिडी कार्ट्रिजचीही नक्कल आहे. आधी बेसिकमध्ये एक स्वर वाजवा. मग चार स्वर एकदम वाजवून ते विस्कटताना ऐका. मग गंधार ५६० पायऱ्या खाली उतरवा.

२६/
तेवढे केल्यावर मानकातला प्रत्येक आकडा कोणीतरी घेतलेला निर्णय होता, हे कानाला कळेल. १२७ वर संपणारा जोर, सोळावर संपणारे चॅनेल, बारात वाटलेले सप्तक: यातले काही नाइलाजाने आले, काही सवयीने. २०२० मध्ये मिडी २.० आले; त्यात दर स्वराला स्वतंत्र वळण देण्याची सोय मुळातच आहे. त्या वेळचा नाइलाज आता उरलेला नाही. सवय मात्र उरली आहे.

२७/
शेवटी आपणास प्रश्न. १९८३ च्या त्या बैठकीत आपण असता, तर स्वस्त तार निवडली असती की समृद्ध स्वर? आणि दोन्हीपैकी एकच मिळणार असेल, तर नकार कोणाला दिला असता: घरी बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला, की मींड घेणाऱ्या गायकाला? उत्तर कारणांसह खाली लिहा. पेटीवाल्यांचे मत विशेष वाचायला आवडेल.
(थ्रेड समाप्त)